जुन्या डिझेल ट्रकच्या इंधनवाहिनीतील हवागळती : कारणे, लक्षणे आणि शोधपद्धती

रात्रभर उभा असलेला जुना ट्रक सकाळी बराच वेळ स्टार्टर मारूनही सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन लगेच बंद पडतो. अशा वेळी गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येते : 'गाडीने एअर घेतली.' हँड प्रायमर मारून एअर काढली जाते, ट्रक निघतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एअर काढणे हा तात्पुरता उपाय आहे. हवा कुठून शिरते हे शोधणे ही खरी दुरुस्ती. घाटात चढणीवर इंजिन बंद पडले, तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. म्हणून हा दोष किरकोळ समजू नये.

येथे आपण टाटा 1210 सारख्या, इनलाइन इंजेक्शन पंप असलेल्या जुन्या ट्रकचा विचार करू. कॉमन रेल इंजिनांना यातील सर्व कृती लागू होत नाहीत.

1. इंधनाचा मार्ग

डिझेल टाकीतून निघते आणि सक्शन पाइप, फीड पंप, फिल्टर, इंजेक्शन पंपाची गॅलरी, हाय प्रेशर पाइप या क्रमाने नोझलपर्यंत जाते. जास्तीचे डिझेल ओव्हरफ्लो पाइपने टाकीत परतते. या मार्गाचे दाबानुसार तीन भाग पडतात.

अ) टाकी ते फीड पंप : दाब वातावरणापेक्षा कमी.
आ) फीड पंप ते गॅलरी : दाब वातावरणापेक्षा साधारण 1 ते 2 बार जास्त.
इ) इंजेक्शन पंप ते नोझल : सुमारे 200 बार किंवा अधिक.

आ आणि इ भागात सांधा सैल असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येते; ओल दिसते, दोष सापडतो. अ भागात मात्र उलटे घडते. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सांधा कोरडा दिसतो आणि म्हणूनच तो निर्दोष समजला जातो.

अ भागातील दाब किती कमी असतो? टाकीतील डिझेलची पातळी फीड पंपाच्या 0.5 मीटर खाली आहे असे समजू. डिझेलची घनता 830 किलो प्रति घनमीटर धरल्यास,

दाबातील फरक = 830 × 9.81 × 0.5 = सुमारे 4070 पास्कल, म्हणजे 0.04 बार.

हा फरक लहान वाटला तरी बारीक भेगेतून हवा ओढण्यास पुरेसा आहे. इंजिन बंद असतानाही तो कायम असतो. रात्रभरात हवा हळूहळू शिरते, डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी पाइप रिकामा असतो.

2. छोट्या बुडबुड्याने इंजिन का बंद पडते?

5 मिमी व्यासाच्या बुडबुड्याचे आकारमान सुमारे 65 घन मिमी असते. पंपाचा प्लंजर एका स्ट्रोकमध्ये 60 घन मिमी डिझेल ढकलतो असे मानू. गॅलरीत निरपेक्ष दाब 2 बार असेल आणि तापमान स्थिर धरले, तर 200 बारपर्यंत पोहोचण्यासाठी बुडबुडा शंभराव्या हिश्शाइतका, म्हणजे 0.65 घन मिमी व्हावा लागेल. त्यासाठी प्लंजरचे सुमारे 64 घन मिमी विस्थापन खर्ची पडेल. पूर्ण स्ट्रोक हवा दाबण्यातच संपतो, नोझल उघडत नाही आणि तो सिलिंडर मिस होतो.

3. हवा शिरण्याच्या नेहमीच्या जागा

- टाकीतील गंजलेला किंवा चिरलेला पिकअप पाइप. टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच त्रास होत असेल तर आधी हा तपासा.
- चासी आणि इंजिन यांमधील रबरी होज. इंजिनाच्या हादऱ्यांनी व उष्णतेने त्याला भेगा पडतात.
- बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर.
- फीड पंपाच्या जाळीच्या वाटीचे गॅस्केट.
- हँड प्रायमरचे सील, किंवा पूर्ण न आवळलेली प्रायमरची मूठ.

4. दोष शोधण्याचा क्रम

पायरी 1 : चाकांना उटी लावा, गिअर न्यूट्रल ठेवा. टाकीतील डिझेल, टाकीच्या झाकणाचे हवाछिद्र आणि फिल्टर तपासा. चोंदलेल्या फिल्टरची लक्षणेही अशीच असतात.

पायरी 2 : एअर काढा. आधी फिल्टरचा, मग गॅलरीचा ब्लीड स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत प्रायमर मारा.

पायरी 3 : ओव्हरफ्लो पाइपचे टोक डिझेलच्या बरणीत बुडवून इंजिन पाच मिनिटे चालवा. सुरुवातीचे बुडबुडे उरलेल्या हवेचे असू शकतात. नंतरही येत राहिले तर गळती नक्की.

पायरी 4 : फीड पंपाच्या इनलेटला पारदर्शक नळी जोडून ती डिझेलच्या स्वच्छ कॅनमध्ये सोडा. कॅन टाकीच्याच पातळीवर ठेवा. वर ठेवल्यास दाब धन होतो आणि दोष लपतो. बुडबुडे थांबले तर दोष टाकीच्या बाजूला. नळी स्वच्छ असूनही ओव्हरफ्लोत बुडबुडे चालूच असतील तर फीड पंप किंवा त्याचे सील.

पायरी 5 : टाकीच्या बाजूचा दोष असल्यास सक्शन पाइप दोन्ही टोकांना सोडवा, एक टोक बंद करा आणि हातपंपाने 0.2 ते 0.3 बार हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावा. कॉम्प्रेसरची थेट हवा वापरू नका, टाकीत दाब भरू नका.

5. दुरुस्ती आणि सुरक्षितता

तांब्याचे वॉशर शक्यतो नवे घाला. एकदा दाबलेले तांबे कठीण होते आणि पुन्हा नीट बसत नाही. बोल्ट जास्त आवळणे हा त्यावर उपाय नाही. सांध्यांवर टेप गुंडाळू नका, त्याचे तुकडे पंपात जातात. चालू इंजिनच्या हाय प्रेशर पाइपवर गळती हाताने चाचपू नका; त्या दाबाचा फवारा त्वचेत घुसतो.

क्रम न पाळता थेट इंजेक्शन पंप उतरवला, तर कॅलिब्रेशनचा खर्च होतो आणि वीसेक रुपयांचा वॉशर तसाच राहतो. भुर्दंड मात्र गाडीमालकाला बसतो.

स्वाध्याय

1. टाकी इंजिनाच्या मागे असलेला ट्रक उतारावर तोंड खाली करून उभा केला तर सकाळी लगेच सुरू होतो, सपाट जागी होत नाही. दाबाच्या आधारे कारण सांगा.
2. पातळीतील फरक 0.8 मीटर असेल तर सक्शन पाइपमधील दाब वातावरणापेक्षा किती कमी होईल?