लडाखचा हिवाळा उन्हाळ्यातच जिंकला जातो

कठीण दिवसांत मन प्रसन्न ठेवा, असं सांगणं सोपं असतं. पण ती प्रसन्नता येते कुठून, हे लडाखमध्ये स्पष्ट दिसतं. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो आणि शेतीला मिळतात जेमतेम चार-पाच महिने. म्हणून ऊन आहे तोवर पालक, सलगमचा पाला, जर्दाळू वाळवून ठेवायचे. बटाटे, गाजरं, मुळे खड्ड्यात मातीखाली पुरायचे, म्हणजे ते गोठत नाहीत. वाळलेलं शेण जळणाला, कोरड्या शौचालयातलं खत शेताला. आणि याच गोठलेल्या महिन्यांत लोसरचा, म्हणजे नववर्षाचा, सण येतो, स्पितुकच्या मठात मुखवटे घालून नाच होतात! पोटाची तजवीज आधीच झालेली असते, म्हणून मन मोकळं राहतं, असं माझं ठाम मत आहे.

हे गरिबीचं उदात्तीकरण आहे, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे; ताज्या भाजीविना काढलेले महिने आणि घरात कोंडलेला धूर यांत गौरवण्यासारखं काही नाही. पण लडाखी माणसं तिथेच थांबलेली नाहीत. दक्षिणेकडे तोंड करून बांधलेल्या हरितगृहांत आता ऐन थंडीतही पालेभाजी निघते. जाड मातीच्या भिंती दिवसभर ऊन शोषतात, रात्री ऊब सोडतात. जळण लागत नाही.