पालकांच्या अपेक्षा व विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य : एक भाषिक विचार

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होत्या, आणि कोणत्याही राज्यापेक्षा ही संख्या अधिक होती. या प्रत्येक घटनेमागे परीक्षेचा किंवा पालकांचाच ताण होता असे मानणे अशास्त्रीय ठरेल. आत्महत्येमागील कारणे बहुधा अनेक आणि एकमेकांत गुंतलेली असतात. तथापि, घरातील अपेक्षा हा या गुंत्यातील एक धागा आहे याविषयी दुमत नाही. मानसशास्त्रज्ञ हा धागा प्रश्नावलीने मोजू पाहतो. भाषाभ्यासकाला मात्र एक साधी गोष्ट प्रथम दिसते : अपेक्षा मुलापर्यंत पोहोचते ती वाक्याच्या रूपाने, आणि त्या वाक्याला व्याकरण असते.

हा विचार करण्यास सिन्नरसारखे गाव सोयीचे आहे. नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरवर, पुण्याच्या वाटेवर वसलेले हे गाव यादवांच्या आरंभीच्या राजधानीचे स्थान म्हणून व गोंदेश्वराच्या मंदिरामुळे इतिहासाभ्यासकांस परिचित आहे. सामान्य माणसाला ते दीर्घकाळ माहीत होते ते विड्यांमुळे. पुढे मुसळगाव व माळेगाव येथे औद्योगिक वसाहती झाल्या. तालुक्याचा पूर्वभाग मात्र अवर्षणग्रस्तच राहिला. विडीची मजुरी हजारावर मोजली जाते आणि खराब ठरलेल्या विड्या मोजणीत धरल्या जात नाहीत. कोरडवाहू शेतीचा हिशेब याहून बेभरवशाचा. अशा घरात दहावी-बारावीची परीक्षा ही मजुरीतून बाहेर पडण्याची जवळजवळ एकमेव वाट ठरते. विडी कामगार कल्याण निधीच्या १९७६ च्या कायद्यान्वये कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीची सोय झाली, तीही याच वाटेकडे बोट दाखविणारी. तेव्हा येथील पालकाची अपेक्षा म्हणजे निव्वळ हव्यास, असे शहरी समुपदेशकाने घाईने म्हणू नये. ती त्याच्या अनुभवातून आलेली असते, आणि म्हणूनच मुलाला ती नाकारणे अधिक अवघड जाते.

या अपेक्षेची शब्दकळा मुख्यतः ऋणाची आहे. आईबापांनी ‘पोटाला चिमटा घेऊन’ शिकवायचे आणि मुलाने त्यांचे ‘पांग फेडायचे’. ‘पांग’ हा शब्द आजच्या बोलण्यात बहुतेक या एकाच वाक्प्रचारापुरता उरला आहे. ‘फेडणे’ मात्र कर्ज, नवस व उपकार या सर्वांना लागते. पितृऋणाची प्राचीन कल्पना येथे आठवणे स्वाभाविक आहे, पण भेदही लक्षात घ्यावा. शास्त्रातील पितृऋण संततीने फिटते. गुणपत्रिकेने फिटणारे ऋण ही अलीकडील भर आहे. शिवाय सावकाराच्या कर्जाला निदान आकडा असतो, येथे तोही ठरलेला नसतो. ऐंशी टक्के मिळाले की नव्वदाची गोष्ट निघते. ‘नाव काढणे’ या प्रयोगातही कर्ता मूल असते, पण नाव घराण्याचे. नाव ‘बुडविले’ जाते तेव्हा ते बुडविणारे मूल एकटेच असते.

सर्वनामांकडे वळले की चित्र अधिक स्पष्ट होते. मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ असा भेद आहे; दुसऱ्यात ऐकणाराही समाविष्ट असतो. हिंदी वा इंग्रजी बोलणाऱ्या पालकाला ही सोय नाही. ‘आपल्याला यंदा नव्वदच्या वर जायचंय’ हे वाक्य पालकाच्या दृष्टीने आधाराचे असते : तू एकटा नाहीस, हा त्याचा भाव. परंतु त्याच वाक्यात मुलाची संमती आधीच गृहीत धरलेली असते. ‘तुम्हाला जायचंय, मला नाही,’ हे उत्तर व्याकरणशुद्ध असूनही उद्धट वाटते. त्यातून अनेक घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हटले जाते. जे वडिलांपुढे बोलता येत नाही ते आईमार्फत, पुष्कळसे गाळून, पोहोचते.

मुख्य प्रश्न आहे तो ‘-आयचे आहे’ या रचनेचा. ‘मला डॉक्टर व्हायचं आहे’ या वाक्यात इच्छा आहे की कर्तव्य? दोन्ही अर्थ संभवतात. ‘मला चित्रपट पाहायचा आहे’ यात इच्छा उघड आहे. ‘मला उद्या वीजबिल भरायचं आहे’ यात ती शोधूनही सापडणार नाही. रूप एकच. म्हणूनच ‘तुला डॉक्टर व्हायचंय’ असे वर्षानुवर्षे ऐकलेले मूल, केवळ सर्वनाम बदलून, ‘मला डॉक्टर व्हायचंय’ असे सांगू लागते. आणि ऐकणारे शिक्षक, समुपदेशक, किंबहुना स्वतः पालकही त्याला मुलाची आवड मानतात. येथे कोणी खोटे बोललेले नसते. निषेधार्थी रूपात तर अडचण वाढते. ‘तुला बाहेर जायचं नाही’ ही मनाई होय. ‘मला इंजिनीअर व्हायचं नाही’ हे वाक्य त्याच साच्यातले असल्याने वडीलधाऱ्यांच्या कानाला ते नापसंती न वाटता आज्ञाभंगासारखे लागते.

निकालाची भाषाही तपासण्याजोगी आहे. ‘नापास’ हा फारसी उपसर्ग व इंग्रजी शब्द यांचा संकर. इंग्रजीत माणूस अनुत्तीर्ण होण्याची क्रिया करतो. मराठीत तो ‘नापास होतो’, म्हणजे ते त्याचे विशेषण बनते, आणि पुढे ‘दहावी नापास’ ही आयुष्यभराची ओळख ठरते. राज्य मंडळाने गेल्या दशकात गुणपत्रिकेवरील हा शेरा काढून ‘कौशल्य विकासास पात्र’ यासारखे शब्द योजले. हेतू स्तुत्य खरा, पण गल्लीतील भाषा शासननिर्णयाने बदलत नाही. त्याच सुमारास, २०१५ पासून, दहावीची पुरवणी परीक्षा जुलैमध्येच घेण्यास आरंभ झाला. वाया जाणारे वर्ष त्यामुळे वाचू लागले. शेऱ्यातील बदलापेक्षा या निर्णयाने अधिक साधले असे म्हणावे लागते.

मुलाचे दुःख मात्र फार क्वचित ‘नैराश्य’ या नावाने प्रकट होते. तो शब्द पुस्तकी आहे. ‘टेन्शन आलंय’, ‘डोकं दुखतं’, ‘पेपर हातात आला की काही आठवत नाही’, ‘जेवण जात नाही’ अशी वाक्ये येतात. यांतील बहुतेक वाक्यांत मूल कर्ता नसते. त्रास आपणहून येतो. घरचे त्याला ‘नाटकं’ म्हणतात व विषय संपतो. दीर्घकाळ टिकणारी अशी शारीरिक तक्रार, विशेषतः झोप व भूक उडाल्यास किंवा ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ यासारखे उद्गार निघाल्यास, ऐकणाऱ्याने ताबडतोब गंभीरपणे घ्यावयास हवी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकावरील विनामूल्य दूरध्वनिसेवा मराठीतही उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निर्णयात शिक्षणसंस्था व शिकवणीवर्ग यांच्यासाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडणे व त्यांचा जाहीर पाणउतारा करणे टाळावे, तसेच पालकांसाठी जाणीवजागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, या त्यांतील काही होत.

असे कार्यक्रम मराठीतून घेताना वरील रचनाभेद उपयोगी पडेल. इच्छा निःसंदिग्धपणे सांगणारे रूप आपल्या भाषेत आहेच : ‘व्हावंसं वाटतं’. सक्तीसाठी ‘व्हावं लागणार’ आहे. ‘तुला काय व्हायचं आहे?’ या नेहमीच्या प्रश्नाऐवजी ‘तुला काय करावंसं वाटतं?’ आणि त्यानंतर, वेगळे करून, ‘तुला काय करावं लागणार असं वाटतं?’ असे दोन प्रश्न विचारले, तर पुष्कळ मुलांची उत्तरे दोन निघतील. पहिल्या प्रश्नावर काही मुले गप्प राहतील, आणि ते गप्प राहणेही नोंदून ठेवण्याजोगे असेल.