जमिनीखालचा वायू आणि जमिनीवरचा तपासनीस

कारखान्यातील बॉयलर फुटू नये म्हणून सरकारने त्याची तपासणी करावी, ही गोष्ट आज कोणालाही विचित्र वाटत नाही. खानदेशातल्या गिरण्यांत आणि जिनिंग कारखान्यांत ज्यांनी हयात घालवली, त्यांना बॉयलर-इन्स्पेक्टर हा शब्द घरातल्या शब्दासारखा परिचयाचा आहे. परंतु ही तपासणी आपोआप सुरू झाली नाही. १८६३ साली कलकत्त्यात एक बॉयलर फुटला, माणसे मेली, आणि मग १८६४ साली बंगालमध्ये बॉयलर-तपासणीचा पहिला कायदा झाला. आधी प्रेते, मग कायदा, असा हा क्रम आहे. आज आम्ही ज्या विषयाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधणार आहोत तो बॉयलरहून नवा आणि डोळ्यांआडचा आहे. तो म्हणजे जमिनीखाली साठविलेला वायू व त्याची तपासणी. याही बाबतीत तोच क्रम चालू द्यायचा काय, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम वायू जमिनीखाली का ठेवतात ते पाहू. शेतकरी ज्या कारणाने पेवात धान्य ठेवीत असे, त्याच कारणाने. सुगी एका वेळी येते, भूक बारमाही असते. थंड देशांत उन्हाळ्यात वायू कमी लागतो व हिवाळ्यात घरे तापविण्यासाठी अतोनात लागतो. म्हणून उन्हाळ्यात वायू जमिनीत भरून ठेवायचा आणि हिवाळ्यात काढायचा, अशी रीत कॅनडात १९१५ साली आणि अमेरिकेत १९१६ साली सुरू झाली. जागा तीन प्रकारच्या असतात. पहिली, तेल वा वायू काढून रिकामे झालेले जुने क्षेत्र. दुसरी, खोलवरचा पाणी धरणारा सच्छिद्र खडक. तिसरी, मिठाच्या थरात पाणी सोडून, मीठ विरघळवून केलेली पोकळी. येथे 'पोकळी' हा शब्द फक्त तिसऱ्या प्रकाराला लागू आहे. पहिल्या दोहोंत वायू कुठल्या गुहेत बसत नाही. वाळूत पाणी मुरावे तसा तो खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतो, आणि वरचा घट्ट खडक त्याला झाकणासारखा अडवून धरतो.

आमच्या जळगाव-धुळ्याच्या भूमीत यांपैकी काही सहज सापडणारे नाही. आपल्या पायाखाली तापीकाठचा गाळ आहे, आणि त्याच्या खाली व आजूबाजूला काळ्या दगडाचे, म्हणजे दख्खनच्या लाव्हारसाचे थरावर थर आहेत. ज्याने विहीर खणली आहे त्याला हे सांगावयास नको. एक थर कडक लागतो, दुसरा मुरमाड लागतो, आणि पाणी येते ते भेगांतून. भेगा असलेल्या दगडाला पाणी मिळते हा लाभ, पण वायू कोंडून धरण्याच्या दृष्टीने हीच अडचण.

मग हा विषय येथे कशासाठी? त्याची कारणे दोन. पहिले कारण राष्ट्रीय आहे. भारतात नैसर्गिक वायूचा असा मोठा भूमिगत साठा अजून उभा राहिलेला नाही. पण आपण वापरतो त्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास परदेशांतून येतो, त्यामुळे जुन्या तेलक्षेत्रांत साठा करण्याचा विचार चालू आहे. स्वयंपाकाच्या वायूच्या बाबतीत तर पाऊल पडलेलेच आहे. विशाखापट्टणम येथे समुद्रसपाटीखाली सुमारे २०० मीटरवर खडक कोरून ६०,००० टनांची गुहा केली असून ती २००७ सालापासून वापरात आहे. मंगळूर येथे २०२५ साली ८०,००० टनांची गुहा बांधून पूर्ण झाली. या गुहेला आतून पोलादी अस्तर नसते. भोवतालच्या खडकातील पाण्याचा दाब आतल्या वायूच्या दाबापेक्षा जास्त ठेवला जातो. त्यामुळे पाणी थोडेथोडे आत झिरपते, पण वायू बाहेर जाऊ शकत नाही. झिरपलेले पाणी पंपाने उपसतात. म्हणजे या साऱ्या व्यवस्थेचा खरा पहारेकरी पाण्याची पातळी हा आहे. पातळी उतरली की पहारा उठला. ती रोज मोजणे व नोंदणे हे काम कारकुनी नव्हे, जीव राखण्याचे काम आहे.

दुसरे कारण घराजवळचे आहे. सिलिंडर भरण्याच्या कारखान्यांत आता वायूच्या पोलादी टाक्या उघड्यावर न ठेवता वाळूच्या थरावर निजवून मातीने झाकण्याची पद्धत आली आहे. रिक्षा-मोटारींना हा वायू देणाऱ्या पंपांवरही टाकी जमिनीखालीच असते. माती घालण्याचा हेतू चांगला आहे. १९८४ च्या नोव्हेंबरात मेक्सिकोतील सान हुआनिको येथे उघड्यावरच्या टाक्या आगीत तापून एकीमागून एक फुटल्या आणि ५०० वर माणसे गेली. मातीखालची टाकी अशी तापत नाही. परंतु एक संकट टाळताना दुसरे पदरात येते. उघड्या टाकीचा गंज रंगाऱ्यालाही दिसतो. मातीखालचा गंज कोणालाच दिसत नाही. त्याला अडविण्यासाठी टाकीला विजेचा सौम्य प्रवाह देऊन संरक्षण करतात, आणि ते संरक्षण जिवंत आहे की नाही हे केवळ मापकावरच्या आकड्यावरून समजते.

जे दिसत नाही त्याची तपासणी कशी चुकते याचे दोन दाखले अमेरिकेने दिले आहेत. कॅन्सस राज्यात हचिन्सन नावाचे गाव आहे. त्याच्यापासून सुमारे ११ किलोमीटरांवर मिठाच्या पोकळ्यांत वायू साठविला होता. एका विहिरीच्या नळीला इजा झालेली होती. तेथून सुटलेला वायू जमिनीखालच्या थरातून गावापर्यंत गेला, आणि पूर्वी मीठ काढण्यासाठी पाडलेल्या व पुढे विसरल्या गेलेल्या विहिरींतून वर आला. जानेवारी २००१ मध्ये भर बाजारात स्फोट झाले व दोन माणसे दगावली. साठा एकीकडे, मरण दुसरीकडे! ज्या विहिरींची नोंद कोणाच्या वहीत नव्हती त्यांनीच दगा दिला.

दुसरा दाखला कॅलिफोर्नियातील अॅलिसो कॅनियनचा. तेथे जुन्या तेलक्षेत्रात शंभरावर विहिरी होत्या. त्यांतील एक १९५३ साली तेलासाठी खणलेली, पुढे वायूसाठी वापरलेली. तिच्या तळाशी असलेली सुरक्षेची झडप १९७९ साली काढली, आणि नवी बसविली नाही. २३ ऑक्टोबर २०१५ रोजी ती विहीर फुटली. वायू बंद व्हायला जवळजवळ चार महिने लागले. सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला, आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. २०१९ साली चौकशीचा अहवाल आला तेव्हा दिसले की नळी बाहेरून, भूजलाच्या संपर्काने गंजली होती. त्याहून गंभीर गोष्ट अशी की त्या क्षेत्रात पूर्वी साठाहून अधिक वेळा नळ्या गळल्या होत्या, पण त्या का गळल्या याचा मुळापासून शोध कोणी घेतला नव्हता. गळती दुरुस्त झाली, कारण तसेच राहिले.

आणि कायदा? अमेरिकेसारख्या देशात जमिनीखालच्या या विहिरींसाठी देशव्यापी सुरक्षा-नियम २०१६ पर्यंत नव्हताच. कॅन्सस राज्याने हचिन्सननंतर स्वतःचे कडक नियम केले; पण २०१० साली न्यायालयाने ठरविले की आंतरराज्य साठ्यांवर राज्याचा अधिकार चालत नाही. केंद्राकडे नियम नव्हते, राज्याकडे अधिकार नव्हता, आणि मधल्या काळात तेथील कित्येक साठे कोणाच्याही तपासणीविना चालू राहिले. २०१६ च्या जूनमध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, डिसेंबरात तात्पुरते नियम आले, आणि २०२० साली ते पक्के झाले. बैल गेल्यावर झोपा बांधला, तो असा.

आपल्याकडे अधिकारी कमी आहेत असे नाही. स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४ चा, पेट्रोलियमचा कायदा १९३४ चा. दाबाखालच्या टाक्यांचे व सिलिंडरांचे नियम २०१६ साली नव्याने झाले. त्यांचा अंमल करणारे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा खाते १८९८ पासून आहे आणि त्याचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. तेल-उद्योगाची मानके ठरविणारे संचालनालय १९८६ पासून दिल्लीकडे आहे. नळांसाठी २००६ च्या कायद्याने नेमलेले नियामक मंडळ आहे. कारखान्यातील कामगारांसाठी राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. एका टाकीकडे चार डोळे पाहतात. पण चार डोळे असले म्हणजे नजर असतेच असे नव्हे. प्रत्येकाने समजावे की दुसरा पाहील, हाच कॅन्ससचा धडा आहे.

तपासणीचा दिवस कसा असतो हे आम्ही संघटनेच्या कामात पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. आदल्या दिवशी चुना फासला जातो, अग्निशामक नळकांड्यांवरची धूळ पुसली जाते, आणि ज्याला खरे ठाऊक असते त्या कामगाराला नेमकी त्याच दिवशी दुसऱ्या पाळीला पाठवितात. तपासनीस वही पाहून जातो. वहीत सर्व आकडे एकाच शाईत, एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिलेले असतात. आम्ही हे सर्व तपासनिसांविषयी म्हणत नाही. चांगले अधिकारी आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांची संख्या कामाच्या मानाने तोकडी आहे हेही जाणतो. पण वर्षातून एकदा येणाऱ्याला जे कळत नाही ते रोज झडप फिरविणाऱ्याला कळते. म्हणून तपासणी ही कामगाराला वगळून होऊच शकत नाही.

भोपाळनंतर, १९८७ साली, फॅक्टरी कायद्यात हे तत्त्व मान्य झाले होते. धोकादायक प्रक्रिया असलेल्या प्रत्येक कारखान्यात कामगार व व्यवस्थापक यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती असावी, आणि धोका जवळ आला असे वाटल्यास कामगाराने तो वरिष्ठांना कळवावा, असा हक्क तेथे लिहिला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. धोका कळविण्याचा हक्क तीत आहे, हे चांगले. पण समिती कोणी नेमावी हे आता सरकारी आदेशावर ठेवले आहे. सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन धोकादायक कारखान्यात २५० कामगारांपासून सुरू होते. आणि निरीक्षकाच्या नावाला 'सुविधाकार' हे शेपूट जोडले आहे. वायू मात्र कामगारांची संख्या मोजून फुटत नाही. शेकडो टन वायू असलेला कारखाना फार थोड्या माणसांवर चालू शकतो, आणि त्यातली पुष्कळशी कंत्राटी असू शकतात. आमची मागणी अशी की माणसांच्या संख्येवर न जाता साठ्याच्या टनांवरून समितीचे बंधन ठरावे.

हा दूरचा प्रश्न नव्हे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन किमान १३ माणसे मेली. रायगडमधील नागोठण्याला ५ नोव्हेंबर १९९० रोजी वायू गळून झालेल्या स्फोटात तिसाहून अधिक माणसे गेली. आंध्रातील नगरम गावी २७ जून २०१४ रोजी नैसर्गिक वायूचा गंजलेला नळ फुटून वीसहून अधिक बळी गेले. वास येत असल्याचे आपण आधीच सांगितले होते, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते.

तेव्हा नागरिकांनी काय करावे? अगदी लहान गोष्टीपासून आरंभ करावा. घरी येणाऱ्या सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर व दोन आकडे असतात. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'बी' एप्रिल ते जून, 'सी' जुलै ते सप्टेंबर, 'डी' ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडे वर्षाचे. 'बी २८' याचा अर्थ जून २०२८ पर्यंत त्याची फेरतपासणी झाली पाहिजे. मुदत उलटलेला सिलिंडर परत करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. हीसुद्धा तपासणीच, आणि ती गृहिणीच्या हाती आहे.

मोठ्या साठ्याच्या बाबतीत १९८९ च्या धोकादायक रसायनांच्या नियमांचा आधार घ्यावा. ठरावीक मर्यादेहून मोठा साठा करणाऱ्याने कारखान्याच्या आतील आपत्तीची योजना केली पाहिजे, बाहेरच्या वस्तीसाठीही योजना झाली पाहिजे, आणि ज्यांना अपाय होऊ शकतो त्या शेजाऱ्यांना धोक्याचे स्वरूप व अपघातात काय करावे हे सांगितले गेले पाहिजे. औद्योगिक वसाहतीच्या कुंपणालगत ज्यांची घरे आहेत त्यांनी आपल्या नगरसेवकाला, सरपंचाला चार प्रश्न विचारावेत. साठा किती? बाहेरची योजना कोठे आहे? तिची रंगीत तालीम शेवटची कधी झाली? भोंगा वाजल्यावर आम्ही कोणत्या दिशेला जायचे? उत्तर मिळाले तर उत्तमच. न मिळाले तर ते न मिळणे हेच तपासणीचे पहिले निष्कर्षपत्र समजावे.

आणि उद्या भारतात नैसर्गिक वायूचे भूमिगत साठे होतील तेव्हा आपल्या खासदारांकडून तीन गोष्टी पहिल्या विहिरीच्या आधी मागून घ्याव्यात. परिसरातील प्रत्येक जुन्या विहिरीची नोंद असावी. प्रत्येक गळतीचे कारण शोधून ते जाहीर करावे. आणि एकाच खात्याने शेवटची जबाबदारी आपल्या नावावर घ्यावी. कलकत्त्याला १८६३ साली जे मेले त्यांना कायदा ठाऊक नव्हता, कारण तो नव्हताच. आपल्याला ती सबब सांगता येणार नाही.