धाराशिव जिल्ह्यातील कला व विज्ञान महाविद्यालये : संशोधन, पुरस्कार आणि विस्तारकार्य यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :
विद्यापीठ अनुदान आयोगाने 1977 मध्ये विस्तारकार्यास अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीचे तिसरे अंग म्हणून मान्यता दिली. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेनेही आपल्या सात निकषांच्या पद्धतीत तिसऱ्या निकषाखाली संशोधन आणि विस्तार यांना एकत्र आणले व विस्तारकार्याबद्दल मिळालेल्या पुरस्कारांची नोंद त्यातच घेतली. प्रत्यक्षात मात्र शोधनिबंध एका तक्त्यात, पुरस्कार दुसऱ्यात आणि शिबिरे तिसऱ्यात भरली जातात. हे तक्ते एकमेकांशी बोलत नाहीत. शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी 2010 मध्ये लागू झालेल्या गुणांक पद्धतीतही विस्तारकार्य दुसऱ्या वर्गात, तर संशोधन तिसऱ्या वर्गात होते. 2018 मध्ये ती पद्धत बदलली. विभागणीची सवय मात्र कायम राहिली. 2023 पासून 'धाराशिव' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यात ही विभागणी विशेष नुकसानकारक ठरते, कारण येथील अभ्यासविषय गावातच आहेत.

तेरचा दाखला :
पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस असलेल्या 'तगर' या बाजारपेठेचा उल्लेख आहे. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडले. येथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पॉम्पेई येथे 1938 मध्ये सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे, आणि पॉम्पेई इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. एवढ्या महत्त्वाच्या स्थळाचे अवशेष सांभाळले ते कोणत्या विद्यापीठाने नव्हे, तर गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी. त्यांच्याच संग्रहातून तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांना अशा गावात नेताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. मिळालेली खापरे वा मणी उचलून महाविद्यालयात आणावयाचे नसतात. स्थान, खोली व शेताची नोंद करून पुरातत्त्व विभागास कळवावयाचे असते. जागेवरून हललेली वस्तू प्रदर्शनात शोभते, पुरावा म्हणून तिचे मोल उणावते.

शिबिर आणि विहीर :
राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत झाला. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास नियमित सेवा द्यावी आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर व्हावे, ही तिची रचना. शोषखड्डे, वृक्षारोपण, बंधारा ही कामे सर्वत्र होतात आणि ती उपयुक्तही आहेत. परंतु पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात त्याच सात दिवसांत गावातील सर्व विहिरींची यादी, प्रत्येकीच्या कठड्यावर रंगाची कायम खूण आणि त्या खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली एवढे जरी नोंदले गेले, तरी भूगोल, भूशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांस पुढील कित्येक वर्षांची सामग्री मिळते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते. महाविद्यालयाने हेच महिने धरल्यास दोन्ही नोंदी शेजारी ठेवता येतात.

अडचण अशी की शिबिर बहुधा हिवाळ्यात होते, म्हणजे एकच नोंद मिळते. आणि एका नोंदीला शास्त्रात फारसा अर्थ नाही. ऑक्टोबरची पातळी पावसाने किती भरले ते सांगते, मे महिन्याची किती उपसले ते. म्हणून उरलेल्या नोंदी त्याच गावातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांनी 120 तासांच्या हिशेबात घ्याव्यात. दुसरी दक्षता खडकाविषयी. येथील बेसाल्टमध्ये उघडी विहीर वरच्या झिजलेल्या थरातील पाणी दाखवते, तर खोल कूपनलिका खालच्या भेगांतील. दोहोंचे आकडे एकत्र करून काढलेली सरासरी फसवी असते. असे निबंध अधूनमधून छापलेही जातात, हे खेदाने नमूद करावे लागते.

पुरस्कारांचे स्थान :
राष्ट्रीय सेवा योजनेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, 1993-94 मध्ये, राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले. याच वर्षी, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपाने किल्लारीसह या जिल्ह्यातील सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला. दख्खनचे पठार स्थिर आहे, या समजुतीचा फेरविचार त्यानंतर भूशास्त्रज्ञांना करावा लागला. पुरस्कार विद्यापीठ, कार्यक्रम अधिकारी, एकक व स्वयंसेवक यांना दिले जातात. त्यांनी उमेद वाढते, हे खरे. मात्र प्रस्तावासाठी छायाचित्रे व कात्रणे जमविताना दत्तक गाव दरवर्षी बदलण्याचा मोह होतो, आणि गाव बदलले की नोंदींची साखळी तुटते. पाच वर्षे एकाच गावात राहिलेले एकक प्रस्तावात फिके दिसेल. संशोधनाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे.

निष्कर्ष परत करण्याचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. इंग्रजी शोधनिबंधाचा गुण शिक्षकास मिळतो. विहिरीच्या मालकास त्यातील काही कळत नाही. तोच तक्ता मराठीत, विहिरीच्या मालकाची संमती घेऊन, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास एक कागद लागतो. ऑक्टोबरची नोंद तेथे रब्बीच्या पेरणीपूर्वी लागली पाहिजे, म्हणजे ज्वारी-हरभऱ्यावर थांबावे की उसाला पाणी द्यावे, हे शेतकऱ्यास पातळी पाहून ठरविता येईल.