भूमिगत नृत्यसंगीत आणि क्लब-संस्कृती : शिकागोच्या गोदामापासून गावच्या मिरवणुकीपर्यंत

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात किंवा गावातील मिरवणुकीत ‘डीजे’ लागला की आपल्या अध्यापकवर्गात सामान्यतः दोनच प्रतिक्रिया उमटतात : एक नापसंतीची आणि दुसरी दुर्लक्षाची. पोवाडा, लावणी, भारूड यांवर आपल्या विद्यापीठांतून संशोधन झाले आहे. मात्र आपले विद्यार्थी ज्या संगीतावर प्रत्यक्ष नाचतात त्याचा इतिहास अभ्यासविषय म्हणून क्वचितच विचारात घेतला जातो. या संगीताच्या तंत्राचे एक महत्त्वाचे मूळ १९७० नंतरच्या अमेरिकेतील भूमिगत नृत्यसंगीतात आहे, आणि त्या इतिहासातील दोन उल्लेखनीय प्रकरणे मुंबई व गोवा येथे घडली आहेत. प्रस्तुत लेखात ही वाटचाल थोडक्यात मांडून, तिच्या आधारे आपल्या मिरवणुकीतील डीजेकडे कसे पाहावे याचा विचार केला आहे.

२. ‘भूमिगत’ या संज्ञेचा अर्थ

मराठवाड्यातील वाचकाला ‘भूमिगत’ हा शब्द हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांची आठवण करून देतो. संगीताच्या संदर्भात मात्र पोलिसांपासून लपणे हा या शब्दाचा मुख्य अर्थ नव्हे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या, रेडिओ-दूरचित्रवाणी आणि प्रतिष्ठित सभागृहे यांच्या बाहेर जे संगीत निर्माण होते आणि प्रसृत होते ते भूमिगत संगीत होय. त्याची तीन लक्षणे सांगता येतील. पहिले, नाचण्याची जागा हक्काची नसते. गोदाम, गॅरेज, समुद्रकिनारा किंवा रस्ता एका रात्रीपुरता आपलासा केला जातो. दुसरे, साधने स्वस्त आणि बरेचदा इतरांनी टाकून दिलेली असतात. तिसरे, प्रसार हातोहात होतो.

३. न्यूयॉर्क आणि शिकागो

१४ फेब्रुवारी १९७० रोजी डेव्हिड मॅन्क्युसो यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या जागेत निमंत्रितांसाठी नृत्यमेळावा भरवला. पुढे हे मेळावे ‘लॉफ्ट’ या नावाने ओळखले गेले. तेथे मद्यविक्री नव्हती. ध्वनी निर्दोष असावा, पण कानांना थकवा आणणारा नसावा, असा मॅन्क्युसो यांचा आग्रह होता. येणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाचे आणि समलिंगी तरुण मोठ्या संख्येने असत. प्रतिष्ठित नृत्यगृहांत ज्यांना मोकळेपणाने वावरता येत नव्हते, त्यांना येथे जागा मिळाली.

शिकागो येथे १९७७ मध्ये ‘वेअरहाऊस’ हा क्लब सुरू झाला. फ्रँकी नकल्स हे तेथील डीजे. ‘हाऊस’ या संगीतप्रकाराचे नाव याच क्लबच्या नावावरून आले असे सामान्यतः मानले जाते. याच शहरात १२ जुलै १९७९ रोजी कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली. परंतु नाचणारे थांबले नाहीत. नव्या तबकड्या मिळेनात, तेव्हा शिकागोतील तरुणांनी रिदम मशीन आणि जुन्या सिंथेसायझरवर स्वतःच संगीत तयार केले. १९८० च्या दशकात डेट्रॉइटमधील हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांनी ‘टेक्नो’ या प्रकाराची पायाभरणी केली.

४. ठेक्याची रचना

या संगीताचा ठेका आपल्या तालव्यवस्थेशी ताडून पाहणे उद्बोधक ठरते. त्या काळातील रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या रिदम मशीनवर सोळा कळांची रांग असते. म्हणजे एक आवर्तन सोळा समान भागांत विभागले जाते. त्रितालातही चार-चार मात्रांचे चार विभाग मिळून सोळा मात्रा होतात. येथवर साम्य आहे. परंतु त्रितालात सम आणि खाली यांचा भेद असतो. तो कानाला कळण्यासाठी काही संस्कार लागतो. हाऊसमध्ये चार मुख्य ठोक्यांपैकी प्रत्येकावर बासड्रम सारख्याच वजनाने वाजतो. त्यामुळे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेला माणूस कोणत्याही क्षणी नृत्यात सामील होऊ शकतो. मधूनच बासड्रम काही काळ काढून घेतला जातो आणि मग परत आणला जातो. तो परतताना समूहात जो उल्हास उसळतो तो समेवर येण्याच्या आनंदाशी नाते सांगणारा आहे. हाऊसची गती साधारणपणे मिनिटाला १२० ते १३० ठोके असते.

५. मुंबईतील एक प्रयोग

रोलँड कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ हे छोटे यंत्र बाजारात आणले. बास गिटार वाजविणारा साथीदार नसेल तेव्हा त्याची जागा भरून काढावी, हा त्यामागील हेतू. गिटारचा हुबेहूब नाद त्यातून निघेना. यंत्र फसले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन बंद पडले. पुढे शिकागोच्या ‘फ्युचर’ या गटाने हे यंत्र वापरताना त्याच्या कळा फिरवून एक विचित्र, वळवळणारा नाद शोधला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ या तबकडीपासून ‘ॲसिड हाऊस’ या प्रकाराचा प्रारंभ मानला जातो.

तथापि याच यंत्रावर मुंबईत त्यापूर्वीच काम झाले होते. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे वापरून दहा रागांची डिस्को ठेक्यावर मांडणी केली. त्यांत भैरव, ललत, यमन, मालकंस हे राग आहेत. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींडेची अपेक्षा असणाऱ्या रागसंगीताला ती सोयीची ठरली. ही तबकडी त्या वेळी फारशी खपली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधून तिचे पुनर्प्रकाशन झाले, तेव्हा जगभरातील जाणकारांचे तिच्याकडे लक्ष गेले. चरणजीत सिंग यांचे २०१५ मध्ये निधन झाले.

ॲसिड हाऊसचा शोध मुंबईत लागला, असा निष्कर्ष यावरून काढणे अतिशयोक्तीचे होईल. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती असा पुरावा नाही. एकच यंत्र दोन भिन्न परंपरांच्या हाती पडले आणि दोन्हीकडे ते निर्मात्याच्या हेतूबाहेर वापरले गेले, एवढाच अर्थ येथे अभिप्रेत आहे.

६. गोव्याचा किनारा

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. त्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण आणि वागातोर परिसरात पाश्चात्त्य हिप्पींचा वावर वाढला. पौर्णिमेच्या रात्री किनाऱ्यावर प्रारंभी गिटार आणि रॉक संगीत असे; १९८० च्या दशकात त्याची जागा इलेक्ट्रॉनिक संगीताने घेतली. उष्णतेमुळे तबकड्या वाकत, म्हणून डीजे मंडळी ध्वनिफितींचा व पुढे ‘डॅट’ या डिजिटल फितींचा वापर करीत. गाण्यातील शब्द गाळून केवळ वाद्यांचे भाग जोडण्याची पद्धतही येथे रूढ झाली. त्यातून १९९० च्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ हा अधिक द्रुत गतीचा प्रकार जगभर पोहोचला. अमेरिकेतून आलेले गोवा गिल (निधन २०२३) हे या परंपरेतील प्रसिद्ध नाव.

या मेळाव्यांत स्थानिक स्त्रिया चटया अंथरून, दिव्याच्या उजेडात रात्रभर चहा आणि खाद्यपदार्थ विकत. मेळाव्यांचे अर्थकारण त्यांच्याशिवाय समजत नाही. मुक्त समूहाचा हा दावा कितपत खरा होता, हेही तपासले पाहिजे. अरुण सल्ढाणा यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सायकेडेलिक व्हाइट’ या ग्रंथात, हणजूणच्या नृत्यभूमीवर गौरवर्णीय पर्यटक व भारतीय यांच्यात अदृश्य सीमारेषा कशी आखली जात असे याचे विश्लेषण केले आहे. जागा नाकारलेल्यांनी उभारलेली संस्कृती पुढे इतरांना जागा नाकारू शकते, हा यातील महत्त्वाचा धडा. त्याच वर्षी कांदोळी येथे ‘सनबर्न’ हा महोत्सव सुरू झाला आणि किनाऱ्यावरील या संगीताला उघड बाजारपेठ लाभली.

७. कायद्याचे दोन मार्ग

ब्रिटनमध्ये मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन येथे हजारो तरुणांचा विनापरवाना नृत्यमेळावा अनेक दिवस चालला. त्यानंतर १९९४ च्या फौजदारी न्यायविषयक कायद्यात अशा मेळाव्यांवर निर्बंध आले, आणि त्यांतील संगीताची ओळख ‘पुनरावृत्त ठेके’ या लक्षणाने करण्यात आली. म्हणजे संगीताचा प्रकारच कायद्याच्या व्याख्येत शिरला.

भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा मार्ग वेगळा आहे. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. विशिष्ट सणांसाठी वर्षातून कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. येथे काय वाजते व कोण वाजवतो हे गौण असून किती आणि केव्हा वाजते हे मोजले जाते. तत्त्वतः हा मार्ग अधिक न्याय्य आहे. अंमलबजावणीतही तो तसाच राहतो का, हा प्रश्न मात्र उरतो.

८. आपली मिरवणूक

वर सांगितलेली तिन्ही लक्षणे आपल्या मिरवणुकीतील डीजेला लागू पडतात. तालुक्याच्या गावातील तरुण घरच्या संगणकावर एखादे भीमगीत, गणेशगीत किंवा कोळीगीत घेतो, त्याखाली बासड्रमचा ठेका घालतो आणि ‘रिमिक्स’ तयार करतो. ते पेनड्राइव्ह, मोबाइल आणि यूट्यूबवरून फिरते. तबकडीचे वेष्टन नसल्याने निर्माता आपले नाव गाण्यातच मधूनमधून उच्चारून घेतो. महाराष्ट्रात अशा ध्वनियंत्रणेला ‘डॉल्बी’ हे नाव पडले, हाही भाषाभ्यासकांनी नोंदविण्याजोगा अर्थविस्तार आहे. मूळ डॉल्बी तंत्र फितीवरील खरखर कमी करण्यासाठी होते!

या आवाजाचा सामाजिक अर्थही आहे. ज्या समाजाला एकेकाळी सार्वजनिक रस्ता आणि पाणवठा नाकारला गेला, त्याने जयंतीच्या दिवशी त्याच रस्त्यावरून वाजत-गाजत जाणे ही केवळ करमणूक नव्हे. त्याच वेळी आवाजाचे दुष्परिणामही निर्विवाद आहेत. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित मानला, तर प्रत्येक ३ डेसिबल वाढीस ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. कानातील संवेदी पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत. याची सर्वाधिक झळ यंत्रणेजवळ तासन्‌तास उभे राहणाऱ्या कामगारांना आणि लहान मुलांना बसते.

म्हणून दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. ‘आवाज किती?’ हा आरोग्याचा प्रश्न असून त्याचे उत्तर सर्व मिरवणुकांसाठी एकाच मापाने द्यावे लागेल. ‘हे लोक असे का नाचतात?’ हा अभिरुचीचा आणि अनेकदा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न पहिल्याचा वेश घेऊन येतो तेव्हा आपला युक्तिवाद दुबळा होतो आणि विद्यार्थी तो ऐकत नाहीत.

९. समारोप

हिंगोली जिल्ह्याला ही चर्चा परकी वाटू नये. नर्सी ही संत नामदेवांची जन्मभूमी मानली जाते. औंढा नागनाथ येथे मंदिरासमोर कीर्तनास मज्जाव झाल्यावर नामदेवांनी मागील बाजूस कीर्तन आरंभिले आणि मंदिरच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. भक्ती आणि क्लब यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु समोरची जागा नाकारली गेली की माणसे मागे जाऊन गातात, नाचतात, आणि कालांतराने समाजाला तोंड फिरवून त्यांच्याकडे पाहावे लागते, हे आपल्या मातीला ठाऊक आहे.

यादृष्टीने महाविद्यालयांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. भौतिकशास्त्र विभागाने मिरवणूकमार्गावर डेसिबलची मोजणी करावी. मराठी विभागाने स्थानिक रिमिक्स संकलित करावेत. समाजशास्त्र विभागाने नाचणाऱ्यांत मुलींना किती जागा मिळते आणि यंत्रणा उचलणारे हात कोणाचे असतात याची पाहणी करावी. अशा नोंदी हाती आल्या तर डीजेविषयी बोलताना आपल्याजवळ नापसंतीखेरीज काही ज्ञानही असेल, आणि विद्यार्थ्याला कान जपण्याचा सल्ला देताना तो सल्ला ऐकला जाण्याची शक्यता वाढेल.