आम्लात घर करणारा जिवाणू

जठरातला रस इतका आम्ल असतो की अन्नपाण्याबरोबर येणारे बहुतेक जंतू तिथेच मरतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पीळदार जिवाणू मात्र तिथे आख्खा जन्म काढतो. युरिएज या विकराने तो युरिया फोडतो. त्यातून निघणारा अमोनिया भोवतीचे आम्ल मारतो आणि तेवढ्या अवधीत जिवाणू अस्तरावरच्या श्लेष्म्यात शिरतो. तिथे आम्लाची धार बोथट असते. लागण बहुधा लहानपणी, घरातूनच होते.

अल्सरचे खापर पूर्वी तिखटावर, जागरणांवर आणि काळजीवर फुटायचे. भारतात भाताच्या प्रदेशांत अल्सर जास्त आणि गव्हाच्या प्रदेशांत कमी दिसत असे, म्हणून कारण ताटातच शोधले गेले. संशयितांत जिवाणू नव्हताच. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थचे रॉबिन वॉरन यांना जठराच्या नमुन्यांत तो दिसला. १९८२ मध्ये बॅरी मार्शल यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला, तोही ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या म्हणून! १९८४ मध्ये मार्शल स्वतःच त्याचे द्रावण प्यायले आणि जठरदाहाने आजारी पडले. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले.

जिवाणू एकच, पण आजार वेगवेगळे. सूज जठराच्या खालच्या टोकाशी असेल तर आम्ल वाढते आणि आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होतो. ती जठरभर पसरली तर आम्ल तयार करणाऱ्या पेशी झिजतात, आम्ल घटते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच या जिवाणूला कर्करोगकारक ठरवले.

आम्ल घटले की पोटाचे दारही उघडे पडते. पटकीचे जंतू आम्लात सहज मरतात. बांगलादेशातील अभ्यासात पायलोरीची लागण असलेल्यांत जिवावर बेतणारी पटकी अधिक आढळली.     

भारतात लागण सर्रास आहे, तरी जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आढळतो. मिझोराम हा ठळक अपवाद. जिवाणूची जात, आहार, तंबाखू आणि आनुवंशिकता यांचा यात वाटा असावा. बहुतेक लागण झालेल्यांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही, म्हणून प्रत्येक ढेकरामागे हा जिवाणू शोधणे व्यर्थ.

निदान श्वासाच्या, विष्ठेच्या तपासणीने किंवा एन्डोस्कोपीतल्या तुकड्यावरून होते. उपचारात आम्ल कमी करणाऱ्या गोळीबरोबर किमान दोन प्रतिजैविके साधारण चौदा दिवस देतात. त्यांपैकी मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाला तर भारतातले अनेक जिवाणू दाद देत नाहीत. म्हणून औषध संपल्यावर किमान चार आठवड्यांनी फेरतपासणी करतात आणि त्याआधी दोन आठवडे आम्ल कमी करणारी गोळी बंद ठेवतात. नाहीतर जिवाणू असूनही अहवालात दिसत नाही.