आधी पाय की आधी चेंडू?

३१ मे २०१८ची रात्र. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात एनबीएच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना टिपेला पोचलेला. क्लीव्हलंड कॅव्हेलियर्स १०४, गोल्डन स्टेट वॉरियर्स १०२, घड्याळात उरलेले ३६.४ सेकंद. वॉरियर्सचा केव्हिन ड्युरंट चेंडू घेऊन बास्केटकडे मुसंडी मारतो आणि क्लीव्हलंडचा लेब्रॉन जेम्स सरकत त्याच्या वाटेत येतो. धडक होते, शिट्टी वाजते. मैदानावरचा पहिला निर्णय चार्जिंगचा, म्हणजे चूक ड्युरंटची. मग पंच रिप्ले पाहायला जातात आणि निर्णय उलटतो: ब्लॉकिंग, चूक जेम्सची. ड्युरंटने दोन्ही फ्री थ्रो साधले, बरोबरी झाली, सामना जादा वेळेत गेला आणि वॉरियर्सनी तो १२४-११४ असा जिंकला.

धडक झाली याबद्दल कुणाचेच दुमत नव्हते. वाद होता तो एवढाच: ड्युरंट शॉटसाठी वर उठू लागला, त्याच्या आधी जेम्सने आपली जागा धरली होती की नंतर?

बास्केटबॉलमधले बहुतेक अटीतटीचे निर्णय याच जातीचे असतात. ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू हातात घेऊन जास्त पावले टाकणे असेल, तर चेंडू हातात आधी आला की पाय आधी टेकला? अडवलेला शॉट असेल, तर बचावपटूची बोटे आधी चेंडूला लागली की मनगटाला? शेवटच्या सेकंदाचा शॉट असेल, तर चेंडू आधी सुटला की भोंगा आधी वाजला? काय घडले हे पंचाला सहसा दिसतेच. त्याला ठरवायचे असते ते दोन घटनांचा क्रम, आणि त्या घटनांमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागांचेच अंतर असते. नेमक्या या कामात माणसाचा मेंदू कच्चा आहे. पंचाची नजर तेज हवी, नियम तोंडपाठ हवेत, असे आपण म्हणतो. पण त्याची खरी झुंज वेळेशी चाललेली असते, हे प्रेक्षकांपर्यंत पोचायला हवे असे मला मनापासून वाटते.

ट्रॅव्हलिंगचा पेच तर या खेळाइतकाच जुना आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे हा खेळ शोधला आणि त्याचे तेरा नियम लिहिले. त्यातला तिसरा नियम सांगतो की चेंडू घेऊन पळायचे नाही, जिथे पकडला तिथूनच फेकायचा. पण त्याच नियमात नेस्मिथ यांनी एक सवलत ठेवली: वेगात पळताना चेंडू पकडणाऱ्याला थांबायला थोडी मुभा द्यावी. थोडी म्हणजे किती, या प्रश्नाचा निकाल लावण्यात पुढची सव्वाशे वर्षे गेली. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने २०१७मध्ये नियमाची भाषा बदलली. पळता पळता चेंडू ताब्यात येताना जो पाय जमिनीवर असेल, तो आता मोजत नाहीत. खेळाडू त्याला ‘झीरो स्टेप’ म्हणतात. त्यानंतर दोन पावले टाकता येतात.

नियम वाचायला सोपा आहे. मैदानावर तो कसा दिसतो ते पाहू. खेळाडू उजवीकडून ड्रिबल करत आत शिरतो. शेवटचा टप्पा पडतो, चेंडू वर येतो. उजवा पाय टेकतो, मग डावा, मग पुन्हा उजवा, आणि शॉट. पहिला उजवा पाय जमिनीवर असताना चेंडू ताब्यात आला असेल, तर तो पाय शून्य, डावा एक, उजवा दोन. सगळे कायदेशीर. पण त्याच्या आधीचा डावा पाय अजून जमिनीवर असतानाच चेंडू हातात स्थिरावला असेल, तर शून्य तिथेच संपले. पुढची उजवा-डावा-उजवा ही तीन पावले झाली आणि ट्रॅव्हलिंग झाले. बाहेरून दोन्ही चाली सारख्याच दिसतात. फरक पडतो तो चेंडू तळहातावर कधी विसावला एवढ्याने, आणि ते घडते गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत, तर पाय टेकतो खाली जमिनीवर.

इथे डोळ्याची मर्यादा आड येते. आपल्याला अगदी स्पष्ट दिसते ते फक्त नजरेच्या मध्यावरचे सुमारे दोन अंशांचे वर्तुळ. हात लांब करून अंगठा धरला, तर त्याची रुंदी साधारण तेवढी भरते. पंच पाच मीटरवर उभा आहे आणि चेंडू जमिनीपासून मीटरभर उंच आहे असे धरले, तर त्याच्या डोळ्यापाशी पाय आणि चेंडू यांच्यात सुमारे अकरा अंशांचा कोन होतो. म्हणजे दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसणे शक्यच नाही. पायावरून हातावर नजर न्यायची, तर मेंदूला त्या उडीची तयारी करायलाच सेकंदाचा पाचवा भाग लागतो. प्रत्यक्ष उडीला आणखी पन्नास मिलिसेकंद जातात आणि तेवढा वेळ मेंदू दृष्टी जवळजवळ बंदच ठेवतो. वेगाने आत शिरणारा खेळाडू तेवढ्यात एक पाऊल टाकून मोकळा झालेला असतो.

म्हणून कसलेला पंच नजर वरखाली नाचवत नाही. तो आधी पिव्हट पाय, म्हणजे जमिनीवर रोवलेला पाय शोधतो आणि चेंडूवर नजरेच्या कडेने लक्ष ठेवतो. कडेच्या दृष्टीला बारकावे कळत नाहीत, पण हालचाल कुठे थांबली हे तिला चांगले कळते. टप्पा थांबला की काहीतरी बदलले, एवढी खबर पुरेशी असते. बाकीचे काम कान करतो. वेळेच्या बाबतीत कान डोळ्यापेक्षा पुष्कळ नेमका असतो. दोन टिचक्यांमधले काही मिलिसेकंदांचे अंतरही त्याला कळते. बेसबॉलचे पंच याचाच उपयोग करतात. पहिल्या बेसवर ते डोळ्यांनी धावणाऱ्याचा पाय पाहतात आणि चेंडू ग्लोव्हमध्ये आला तो क्षण कानांनी टिपतात. बॅटची कड लागली का, हे आपल्या क्रिकेटच्या पंचांनाही बहुधा कानच सांगतो. बास्केटबॉलमध्येही मनगटावर बसलेल्या फटक्याचा आवाज वेगळा आणि चेंडूवर पडलेल्या थापेचा वेगळा. पाच मीटरवरच्या पंचापर्यंत तो आवाज पंधरा मिलिसेकंदांत पोचतो. चाळीस मीटर दूर बसलेल्या प्रेक्षकाला तो सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही उशिरा ऐकू येतो. तरी ‘स्पष्ट फाउल होता!’ अशी सर्वांत मोठी आरोळी बहुतेक वेळा तिथूनच येते.

आणि खेळाडूंचे काय? चेंडू दोघांच्या हाताला लागून रेषेबाहेर गेला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. ते खोटेच बोलत असतात असे नाही. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातले टाय टँग आणि मायकल मॅकबीथ यांनी २०१९मध्ये याच भांडणावरून सुचलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसांना समोरासमोर बसवायचे, इशारा मिळताच प्रत्येकाने दुसऱ्याच्या हाताला स्पर्श करायचा, आणि मग कुणाचा स्पर्श आधी झाला ते सांगायचे. स्वतःचा स्पर्श लोकांना सुमारे पन्नास मिलिसेकंद आधी झाल्यासारखा वाटत होता. आपल्या हातून घडलेली गोष्ट मेंदू थोडी मागे सरकवून नोंदवतो. त्यामुळे ‘आधी माझा हात लागला, मग चेंडू त्याला लागून बाहेर गेला’ असे दोन्ही खेळाडू प्रामाणिकपणे शपथेवर सांगू शकतात. पंचाचा हात चेंडूला लागलेला नसतो, आणि हा त्याच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे.

फाउलच्या बाबतीत वेळेइतकीच भूमितीही महत्त्वाची. दोन खेळाडू पंचाच्या नजरेच्या एकाच रेषेत आले, की पुढच्याच्या पाठीआड मागचा झाकला जातो आणि त्यांच्यात हातभर अंतर असले तरी ते चिकटलेले दिसतात. न झालेला स्पर्श दिसतो, झालेला दिसत नाही. फुटबॉलच्या ऑफसाइडबद्दल राउल आउडेयान्स आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये ‘नेचर’मध्ये हेच दाखवले होते: सहायक पंच रेषेच्या थोडा पुढेमागे उभा असला, की त्याच्या चुका एका ठरावीक दिशेने होऊ लागतात. डोळे कितीही चांगले असोत, उभे राहण्याची जागा चुकली की निकाल चुकतो. बास्केटबॉलच्या पंचांना त्यामुळे पहिल्यापासून एकच धडा गिरवायला लावतात: दोघांमधली फट दिसली पाहिजे, आणि नजर बचावपटूवर हवी. बचावपटूने जागा केव्हा धरली हे आधीच पाहून ठेवले असेल, तर धडकेच्या क्षणी निम्मा निर्णय झालेला असतो. चेंडूमागे नजर फिरवणाऱ्या पंचाला मात्र धडक दिसते आणि त्याआधीचे सगळे कल्पनेने भरावे लागते.

ही कल्पनेने भरण्याची सवयच घातक. क्रम नीट कळला नाही, की मेंदू रिकामी जागा हाताशी असलेल्या माहितीने भरतो आणि ती माहिती पुष्कळदा प्रेक्षकांकडून येते. इंग्लंडमध्ये ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी चाळीस फुटबॉल पंचांना एकाच सामन्यातले टॅकल दाखवले, काहींना गर्दीच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाचे फाउल १५.५ टक्के कमी दिले. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या २००४-०५च्या हंगामातील ३६५ सामन्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: ज्या संघाच्या नावावर फाउल जास्त जमतात, त्याच्यावर पुढची शिट्टी वाजण्याची शक्यता कमी होत जाते. हे पंच अप्रामाणिक होते असे म्हणायला मी तयार नाही. संशय आला की मन तोल सावरू पाहते आणि त्याचा पत्ता मनालाही लागत नाही.

या आजाराला उपाय आहे, ही मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट वाटते. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स यांनी एनबीएच्या १९९१ ते २००४ या हंगामांची आकडेवारी तपासली, तेव्हा पंचांच्या आणि खेळाडूंच्या वर्णाचा फाउलवर थोडा, पण मोजता येण्याजोगा परिणाम दिसला. २००७मध्ये त्याला वृत्तपत्रांतून मोठी प्रसिद्धी मिळाली. त्यानंतरच्या हंगामांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तो परिणाम नाहीसा झाला होता. आपली चूक कोणत्या दिशेने होते हे कळणे, एवढेही पुष्कळ काम करून जाते.

रिप्लेबद्दल मात्र सावध राहायला हवे. क्रम ठरवायचा असेल, म्हणजे पाय आधी की चेंडू आधी, तर मंद गतीचे चित्र उत्तम. पण फाउल किती जोराचा, मुद्दाम केलेला का, हे ठरवताना तेच चित्र दिशाभूल करते. युजीन कारुसो आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये दाखवले की तीच कृती मंद गतीने पाहिली, की करणाऱ्याचा हेतू अधिक पक्का वाटतो. त्याला विचार करायला वेळ मिळाला होता असा पाहणाऱ्याचा समज होतो. म्हणून क्रमासाठी मंद गती आणि जोरासाठी खरी गती, अशी वाटणी असावी असे मला वाटते.

आपल्याकडच्या शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या सामन्यांत रिप्ले नसतो आणि तिसरा पंचही अनेकदा नसतो. २८ बाय १५ मीटरचे कोर्ट दोघांनीच सांभाळायचे आणि बाकावरून पालकांचे बोलणे ऐकून घ्यायचे. या पंचांच्या हाती खिशातला मोबाइल आहे. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या फोनमध्ये दोन चित्रांमध्ये जेमतेम चार मिलिसेकंद जातात. पाय आणि चेंडूचा क्रम ओळखायला ते भरपूर झाले. सराव सामन्यात फोन पंचाच्याच जागेवर, त्याच्या डोळ्याच्या उंचीवर धरायचा, चौकटीत हात आणि पाय दोन्ही येतील असा. आधी पंचाने आपला निर्णय कागदावर लिहायचा, मग चित्रण पाहायचे, आणि महिनाभराच्या चुका कुठल्या बाजूला झुकतात ते मोजायचे.